फास्ट फूड रेस्टॉरंटचा आरोग्य तपासणी अहवाल कसा वाचायचा

जगातल्या बऱ्याच शहरांत रेस्टॉरंटच्या दारावर किंवा काचेवर एक कार्ड लावलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये त्यावर ए, बी, सी यांपैकी एक अक्षर असतं, ब्रिटनमध्ये शून्य ते पाच यांपैकी एक आकडा, तर डेन्मार्कमध्ये हसरा किंवा पडलेला चेहरा. गिऱ्हाईक त्याकडे एक नजर टाकतं आणि आत शिरतं. पण ते कार्ड ज्या अहवालावरून तयार होतं, त्यात निरीक्षकाला त्या दिवशी काय काय दिसलं ते ओळीओळीने लिहिलेलं असतं. कोणत्या फ्रीजचं तापमान किती होतं, हात धुण्याच्या सिंकपाशी साबण होता का, कच्चं मांस कोणत्या फळीवर ठेवलं होतं, सगळं. अनेक ठिकाणी हे अहवाल आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात.

तरी ते फारसं कुणी वाचत नाही. लोकांना फिकीर नसते असं मात्र नाही. अहवालाची भाषा कायद्याची असते, कलमांचे आकडे असतात, आणि गंभीर गोष्ट व किरकोळ गोष्ट एकाच सुरात लिहिलेली असते. कुठे थांबायचं आणि काय सोडून द्यायचं हे कळलं, तर दहा मिनिटांत एखाद्या स्वयंपाकघराची चांगली ओळख होऊ शकते. माझ्या मते एका अहवालातल्या गुणांपेक्षा लागोपाठच्या तीन अहवालांत पुन्हा पुन्हा येणारी ओळ कितीतरी जास्त सांगून जाते. ते कसं, हे कळायला आधी निरीक्षक काय शोधतो हे पाहावं लागेल.

आठ अंशांचा फरक

तपासणीत तापमानावर एवढा भर का, याचं उत्तर १९९३ साली मिळालं. त्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत 'जॅक इन द बॉक्स' या बर्गर साखळीचे ग्राहक आजारी पडू लागले. हॅम्बर्गरसाठीचा बीफचा खिमा 'ई. कोलाय ओ१५७:एच७' या जिवाणूने दूषित झालेला होता आणि तो पुरेसा शिजवला गेला नव्हता. ७०० हून जास्त लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. खिम्यात जंतू येणं हा पुरवठ्याकडचा दोष होता. पण तो जंतू ताटात पोचण्याआधी त्याला मारण्याची शेवटची संधी रेस्टॉरंटच्या तव्यावर होती. वॉशिंग्टन राज्याने खिमा ६८ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवण्याचा नियम आधीच केला होता. साखळी मात्र ६० अंशांच्या जुन्या केंद्रीय निकषाप्रमाणे चालत होती.

मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात, त्यामुळे बाहेरून नीट भाजला की बराचसा धोका टळतो. खिमा करताना तोच पृष्ठभाग आतपर्यंत मिसळला जातो. म्हणून टिक्कीच्या मध्यभागी किती तापमान होतं हे मोजावंच लागतं. रंगावरून ठरवता येत नाही, कारण आतून तपकिरी दिसणारी टिक्कीही कमी तापमानाची असू शकते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची 'फूड कोड' ही आदर्श नियमावली १९९३ सालीच पहिल्यांदा निघाली. ती स्वतः कायदा नाही. राज्यं आणि स्थानिक प्रशासनं ती जशीच्या तशी किंवा फेरफार करून स्वीकारतात, म्हणून शहर बदललं की अहवालाचा साचाही थोडा बदलतो. १९९४ साली तिथल्या कृषी खात्याने कच्च्या खिम्यात हा जिवाणू सापडला तर तो माल भेसळयुक्त समजला जाईल असं जाहीर केलं. आज तपासणीच्या कागदावर दिसणारे बरेच आकडे अशा आजारपणांमधूनच आलेले आहेत.

निरीक्षक आत येतो तेव्हा

नेहमीची तपासणी न कळवता होते. निरीक्षक आत आल्यावर बहुधा आधी स्वतःचे हात धुतो. त्यात स्वच्छता तर आहेच, पण पहिली तपासणीही तिथेच उरकते. नळाला गरम पाणी येतंय का, साबण आहे का, हात पुसायला कागद आहे का, आणि मुख्य म्हणजे सिंकपर्यंत सहज पोचता येतंय का, हे सगळं तिथेच कळतं.

मग तो थर्मामीटर काढतो. बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात त्याची सुई बुडवली की आकडा शून्यावर यायला हवा. तसा आला तरच पुढची मोजणी विश्वासाची.

फास्ट फूडच्या स्वयंपाकघरात बर्गर किंवा सँडविच जुळवण्याचं एक लांब टेबल असतं. त्यात स्टीलचे खोलगट डबे बसवलेले असतात. एकात टोमॅटोचे काप, एकात लेट्यूस, एकात चीज. टेबलाच्या पोटात फ्रीज असतो आणि तो डबे खालून गार ठेवतो. आता गर्दीच्या वेळी पुन्हा पुन्हा भरायला नको म्हणून कुणीतरी टोमॅटोचे काप डब्याच्या काठावर ढीग येईपर्यंत भरतं आणि झाकण उघडंच ठेवतं. निरीक्षक सुई तळाशी खुपसतो तेव्हा आकडा येतो ४ अंश, आणि वरच्या ढिगात खुपसतो तेव्हा ११. अमेरिकी नियमावलीप्रमाणे थंड पदार्थ ५ अंशांच्या वर जायला नकोत, आणि ब्रिटनमध्ये कायद्याची मर्यादा ८ अंश आहे. अख्ख्या टोमॅटोला ही अट लागू नसते. तो कापला की आतला ओलावा उघडा पडतो, साल्मोनेलासारख्या जिवाणूला वाढायला जागा मिळते, आणि तो दुसऱ्या गटात जातो. अहवालात हे सगळं एका ओळीत येतं: 'कापलेले टोमॅटो, तयारीचं टेबल, ११ अंश, फेकून दिले.' वाचणाऱ्याला ती ओळ क्षुल्लक वाटते, पण या अख्ख्या कागदावर जी थोडी वाक्यं खरोखर आजाराशी जोडलेली आहेत, त्यांतलं ते एक आहे.

गरम पदार्थांना उलटी मर्यादा आहे. अमेरिकेत ५७ अंशांच्या आणि ब्रिटनमध्ये ६३ अंशांच्या खाली ते उतरता कामा नयेत. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. काही पदार्थ तापमानाऐवजी घड्याळावरही सांभाळता येतात. बाहेर काढल्याची वेळ लिहून चिठ्ठी लावायची आणि चार तासांच्या आत तो संपवायचा, नाहीतर टाकून द्यायचा. म्हणून अहवालात 'वेळेची नोंद नाही' असं दिसलं तर तो कागदोपत्री दोष समजू नका. तो पदार्थ तिथे दोन तासांपासून आहे की सात तासांपासून, हे स्वयंपाकघरात कुणालाच सांगता आलं नाही, असा त्याचा अर्थ.

शिजवून थंड करण्याचा टप्पा याहून अवघड. बीन्सचं मोठं पातेलं तसंच कूलरमध्ये ठेवलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. शिजवताना क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत, आणि त्या कोमट मध्यभागी ते पुन्हा जागे होऊन वाढतात. म्हणून नियम असा की ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत यायचं आणि एकूण सहा तासांत ५ अंशांवर. त्यासाठी पदार्थ उथळ ट्रेमध्ये पसरावा लागतो किंवा भांडं बर्फात ठेवावं लागतं. २०१८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 'चिपोटले' या मेक्सिकन पदार्थांच्या साखळीच्या एका शाखेत सुमारे ६५० लोक याच जिवाणूमुळे आजारी पडले. तिथे पदार्थ ठरलेल्या तापमानाला ठेवले गेले नव्हते. पुन्हा गरम केलं की झालं, हा समजही सोडून द्यायला हवा. स्टॅफिलोकोकससारख्या काही जिवाणूंचं विष एकदा अन्नात तयार झालं की उकळूनही जात नाही.

हात, आणि आजारी माणूस

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने अन्नातून होणाऱ्या आजारांची रेस्टॉरंटमधली पाच मुख्य कारणं मांडली आहेत: असुरक्षित ठिकाणाहून आणलेला माल, अपुरं शिजवणं, चुकीच्या तापमानाला ठेवणं, अस्वच्छ भांडी-उपकरणं आणि काम करणाऱ्यांची वैयक्तिक स्वच्छता. अहवालाचा वरचा भाग याच पाच गोष्टींसाठी असतो. मला विचाराल तर शेवटच्या कारणाकडे वाचणाऱ्यांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूचंच घ्या. त्याचे अगदी मोजके कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो, आणि आजारी माणसाच्या उलटी-जुलाबात ते अब्जावधींनी असतात. अल्कोहोलच्या जेलने तो नीट मरत नाही, साबण-पाण्याने हात चोळून धुवावेच लागतात. फास्ट फूडमध्ये टिक्की शिजते, पण त्यावरचं लेट्यूस, पावाचा वरचा भाग, पेयातला बर्फ यांना नंतर आंच लागत नाही. तिथे पोचलेला विषाणू तसाच गिऱ्हाइकाकडे जातो. हातमोजे घातले की प्रश्न सुटला असंही नाही. न धुतलेल्या हातांनी चढवलेला मोजा बाहेरूनही दूषितच होतो, आणि पैसे घेऊन त्याच मोज्याने पावाला हात लावला तर मोजा असून नसल्यासारखा.

डिसेंबर २०१५ मध्ये बोस्टनमधल्या 'चिपोटले'च्या शाखेतून नोरोव्हायरसची साथ पसरली, त्यात बोस्टन कॉलेजच्या बास्केटबॉल संघातले खेळाडूही होते. अमेरिकी न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार तिथे एका कर्मचाऱ्याला रेस्टॉरंटमध्येच उलटी झाली, तरी त्याला घरी न पाठवता काम करत राहायला सांगितलं गेलं. दोन दिवसांनी त्या संघासाठीचं जेवण बांधायला त्याचाही हात होता. २०२० साली कंपनीने २०१५ ते २०१८ मधल्या अशा अनेक घटनांबद्दल अडीच कोटी डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं.

म्हणून अहवालात 'आजारी कर्मचाऱ्यांबाबतचं धोरण लेखी नाही' किंवा 'व्यवस्थापकाला आजाराची लक्षणं सांगता आली नाहीत' अशी ओळ असेल तर ती मी फरशीवरच्या डागांच्या दहा ओळींपेक्षा गंभीर धरतो. उलट्या-जुलाब होत असतील तर लक्षणं थांबल्यावर किमान २४ तास, आणि ब्रिटनच्या शिफारशीप्रमाणे ४८ तास, स्वयंपाकघरापासून लांब राहायचं असतं. कामावर न आल्यास त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर कर्मचारी पोट धरून कामावर येणारच. अहवालात मजुरीचा रकाना नसतो, पण या ओळीच्या मागे बहुतेक वेळा तोच प्रश्न असतो.

गुणांमधले चकवे

पहिला चकवा अगदी साधा आहे. लॉस एंजेलिसमध्ये १०० पासून सुरुवात होते आणि प्रत्येक दोषाला गुण कापले जातात, ९० किंवा त्याहून जास्त गुणांना ए. न्यूयॉर्कमध्ये शून्यापासून सुरुवात होते आणि प्रत्येक दोषाला गुण वाढतात, ० ते १३ ला ए, १४ ते २७ ला बी, त्यापुढे सी. म्हणजे एका शहरात जास्त आकडा चांगला, तर दुसऱ्यात वाईट. नुसता आकडा ऐकून मत बनवू नका.

दुसरा चकवा फेरतपासणीचा. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या फेरीत ए मिळाला नाही तर लगेच बी किंवा सी लागत नाही. काही काळाने पुन्हा तपासणी होते आणि त्या दुसऱ्या फेरीच्या गुणांवर अक्षर ठरतं. ते मान्य नसेल तर सुनावणी होईपर्यंत 'ग्रेड पेंडिंग'चं कार्ड लावता येतं. त्यामुळे दारावरच्या ए च्या मागे पहिल्या फेरीतले ४० गुण दडलेले असू शकतात. ते फक्त अहवालात दिसतात. माझ्या दृष्टीने त्यातली पहिली फेरीच महत्त्वाची, कारण ती कुणाला आधी माहीत नसते.

ब्रिटनच्या २०१० पासूनच्या पद्धतीत आकडा तीन गोष्टींवरून ठरतो: अन्न हाताळण्यातली स्वच्छता, जागेची स्थिती आणि व्यवस्थापनावर किती भरवसा ठेवता येईल. तिसरा भाग मला फार शहाणपणाचा वाटतो. आज सगळं ठीक असलं तरी निरीक्षक गेल्यावर ते तसंच राहील का, हे तो विचारतो. वेल्समध्ये २०१३ पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०१६ पासून हा आकडा दाखवणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये मात्र ऐच्छिक. तेव्हा तिथे काचेवर स्टिकर दिसला नाही तर संकेतस्थळावर जाऊन पाहावं. डेन्मार्कने २००१ पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं: चेहऱ्यासोबत अहवालच लावायचा, आणि त्यावर मागच्या तपासण्यांचे निकालही दाखवायचे.

अक्षरं लावल्याने आजार कमी होतात का? लॉस एंजेलिस काउंटीने १९९८ च्या सुरुवातीला ही कार्डं आणली. एका दूरचित्रवाणी वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं दाखवल्यानंतरची ती गोष्ट. जिन आणि लेस्ली या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवलं की कार्डं आल्यावर गुण सुधारले आणि अन्नातून होणाऱ्या आजारांमुळे दवाखान्यात भरती होणारे रुग्ण घटले. २०१९ साली डॅनियल हो आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि घट कार्डांमुळे झाली हे पटत नाही असा निष्कर्ष काढला, कारण त्याआधीच त्या भागात साल्मोनेलाची मोठी साथ येऊन ओसरत होती. टेनेसी राज्यातल्या तपासण्यांवरच्या २००४ च्या अभ्यासात तर ज्या रेस्टॉरंटमध्ये पुढे साथ आली त्यांचे गुण इतरांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. हे वाचून तपासण्याच निरुपयोगी असं म्हणणं चुकीचं ठरेल. तपासणीमुळे फ्रीज दुरुस्त होतात, सिंक मोकळी होतात. मात्र सगळ्या दोषांची बेरीज करून एक आकडा काढला की त्यातली कामाची माहिती विरघळून जाते.

तीन अहवाल एकत्र ठेवून पाहा

एक कल्पित उदाहरण घेऊ, पण असे अहवाल सर्रास आढळतात. पहिल्या तपासणीत लिहिलंय: तयारीच्या टेबलावरचं लेट्यूस १० अंश, जागेवरच फेकून दिलं. हात धुण्याच्या सिंकसमोर ट्रेची चळत, हलवली. छताची एक टाइल तुटलेली. सहा महिन्यांनी दुसरी: त्याच टेबलावरचे टोमॅटो ९ अंश, फेकून दिले. सिंकपाशी हात पुसायला कागद नाही, आणून ठेवला. छताची टाइल तशीच. आणखी सहा महिन्यांनी तिसरी: त्याच टेबलावरचं चीज १० अंश, फेकून दिलं. हात धुण्याच्या सिंकमध्ये चिमटे भिजत घातलेले, काढले. छताची टाइल अजून तशीच.

घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात टाइल राहते, कारण तीच ओळ तिन्हीकडे जशीच्या तशी आहे. टाइलने कुणी आजारी पडत नाही. लेट्यूस, टोमॅटो आणि चीज हे तीन वेगळे दोष दिसतात, पण टेबल एकच आहे. म्हणजे त्या टेबलाचा फ्रीज वर्षभर नीट गार करत नाही, आणि दर वेळी 'जागेवरच दुरुस्त केलं' या शेऱ्याखाली फक्त त्या क्षणाचा डबा रिकामा झाला आहे. मेकॅनिकला कुणी बोलावलेलं नाही. सिंकचंही तेच. समोर ट्रे, कागद नाही, आत चिमटे, कारणं तीन पण अर्थ एकच: त्या सिंकवर दिवसभरात फारसं कुणी हात धूत नाही. ज्या सिंकवर खरोखर हात धुतले जातात, त्यात चिमटे भिजत पडूच शकत नाहीत.

याच्या शेजारी दुसरं रेस्टॉरंट ठेवा. तिथे एका तपासणीत मोठा कूलर बंद पडलेला सापडला, सगळा माल टाकावा लागला, एक दिवस रेस्टॉरंट बंद ठेवलं गेलं, गुण भयंकर आले. पुढच्या दोन तपासण्यांत कूलर ३ अंशांवर आणि दर काही तासांच्या तापमानाची वही भरलेली. गुणांची सरासरी काढली तर पहिलं रेस्टॉरंट वरचढ ठरेल. मी जेवायला दुसऱ्यात जाईन.

अहवालात प्रत्येक ओळीपुढे गंभीरतेची खूण असते, तीही पाहावी. अमेरिकी नियमावलीत सर्वांत वरचा वर्ग अशा दोषांचा, ज्यांचा आजाराशी थेट संबंध आहे. मधला त्यांना आधार देणाऱ्या गोष्टींचा, उदाहरणार्थ साबण किंवा थर्मामीटर नसणं. तळाचा वर्ग इमारत आणि साधारण निगराणीचा. 'पाहायला मिळालं नाही' अशीही एक खूण असते. निरीक्षक सकाळी गेला आणि तेव्हा काही थंड करणं चालू नव्हतं, तर तो रकाना तसा भरला जातो. रकान्यात दोष नाही म्हणजे सगळं ठीक, असं तिथे समजू नये. उंदराच्या लेंड्या किंवा झुरळं यांची नोंद असेल तर कुठे आणि किती ते वाचा. मागच्या दाराशी एक आणि पिठाच्या कोठाराशेजारी ताज्या लेंड्या, यात फार अंतर आहे.

अहवालात जे येतच नाही

एखादं रेस्टॉरंट रोज १६ तास उघडं असेल तर वर्षाचे ५,८४० तास होतात. दीड तासाच्या दोन तपासण्या धरल्या तर निरीक्षकाने पाहिले फक्त तीन तास. तपासणारा माणूसच असतो, हेही लक्षात घ्यायला हवं. मारिया इबान्येझ आणि मायकल टॉफेल यांच्या संशोधनात दिसलं की दिवसभरात जसजशा तपासण्या होत जातात तसतसे निरीक्षक कमी दोष नोंदवतात, आणि आधीच्या ठिकाणी बरेच दोष सापडलेले असतील तर पुढच्या ठिकाणी जास्त नोंदवतात. म्हणून एक-दोन गुणांच्या फरकावरून दोन रेस्टॉरंटची तुलना करण्यात अर्थ नाही.

फास्ट फूडची स्वतःची एक अडचण आहे. साखळीत कामं ठरवून दिलेली असतात, टिक्क्या ठरावीक जाडीच्या येतात, ग्रिलला टायमर असतो. यामुळे कच्चं मांस हाताळणं आणि शिजवण्यातल्या चुका कमी होतात, आणि बऱ्याच शाखांचे गुण म्हणूनच चांगले असतात. पण तोच माल शेकडो शाखांत एकाच पुरवठादाराकडून जातो. २०२४ च्या शरदात अमेरिकेत मॅकडोनल्ड्सच्या क्वार्टर पाउंडर या बर्गरमुळे ई. कोलायची साथ आली, तेव्हा संशय कापून आलेल्या कांद्यावर स्थिरावला. १४ राज्यांत १०४ लोक आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. कांदा शाखेत येण्याआधीच कापलेला होता आणि कच्चाच वाढला जात होता. त्या शाखांची स्वयंपाकघरं कितीही स्वच्छ असती तरी त्यांच्या तपासणी अहवालात हे आधी दिसलं नसतं. असे धोके पुरवठादाराच्या कारखान्याच्या तपासणीत शोधावे लागतात, आणि ते अहवाल सामान्य ग्राहकाच्या हाती क्वचितच येतात.

शाखा शोधताना नावाऐवजी पत्त्याने शोधा. बऱ्याच शाखा फ्रँचायझीच्या असतात आणि परवाना एखाद्या वेगळ्याच कंपनीच्या नावावर असतो. एका शाखेचा अहवाल पलीकडच्या रस्त्यावरच्या शाखेबद्दल काहीच सांगत नाही, दोघींचे मालक वेगळे असू शकतात. मालक बदलला की नवा परवाना निघतो आणि कधी कधी जुन्या नोंदी नव्या नावाखाली दिसत नाहीत. पत्ता टाकला तर दोन्ही सापडतात.

शेवटी, तपासणी कशासाठी झाली तेही अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं: नेहमीची, फेरतपासणी, उघडण्यापूर्वीची किंवा तक्रारीवरून. तक्रारीच्या तपासणीत 'तथ्य आढळलं नाही' असं दिसलं तर तक्रार खोटी होती असं धरू नका. निरीक्षक पोचेपर्यंत तो माल संपलेला असतो. आणि तक्रार करणाऱ्याने ठिकाण चुकीचं ओळखलं असण्याचीही शक्यता असते. पोट बिघडलं की आपण शेवटच्या जेवणाला दोष देतो, पण नोरोव्हायरसला लक्षणं दिसायला साधारण १२ ते ४८ तास लागतात, ई. कोलाय ओ१५७ ला बहुधा तीन-चार दिवस, आणि अ प्रकारच्या काविळीला १५ ते ५० दिवस.

म्हणून तुमच्यावर तक्रार करायची वेळ आली तर लक्षणं सुरू झाल्याचा दिवस आणि तास लिहून ठेवा, त्याआधीच्या तीन-चार दिवसांत काय आणि कुठे खाल्लं तेही लिहा, आणि सोबत खाणाऱ्या आणखी कुणाला त्रास झाला का ते विचारा. जुलाबात रक्त असेल किंवा ताप उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जाऊन शौचाची तपासणी करून घ्या. अमेरिकेत १९९६ पासून 'पल्सनेट' नावाचं प्रयोगशाळांचं जाळं अशा नमुन्यांतल्या जिवाणूंची जनुकीय ओळख जुळवून पाहतं, आणि वेगवेगळ्या गावांतले रुग्ण एकाच मालामुळे आजारी पडले का ते शोधतं. रेस्टॉरंटचं बिल जपून ठेवलं असेल तर तेही द्या. तारीख, वेळ, शाखा आणि पदार्थ त्यावर छापलेले असतात, आणि निरीक्षकाला सगळ्यात आधी याच चार गोष्टी लागतात.